घोड्याच्या डोळ्यातलं 'फूल': एका शब्दाखालचे चार आजार

अकलूजच्या घोडेबाजारात जनावर पारखणारी माणसं आधी दात बघतात, मग पाय आणि खूर, मग अंगावरच्या केसांचे भोवरे. एका भोवऱ्यावरून ठरत आलेला सौदा मोडताना मी पाहिलाय. डोळ्याची परीक्षा मात्र एका शब्दात उरकते: फूल आहे की नाही. बुबुळावर पांढरं दिसलं तर फूल, नाही दिसलं तर डोळा चांगला. सोलापुरात टांगेवाल्यांपासून आजच्या वरातीच्या घोडीवाल्यांपर्यंत हाच शब्द चालत आलाय. त्याखाली निदान चार वेगळे आजार दडलेले आहेत: बुबुळावरच्या जखमेचा वण, डोळ्याच्या आतली सूज, मोतीबिंदू आणि किडा. ते एकमेकांपासून सुटे व्हायला फार काळ लागला.

घोडा या मुलखाला नवा नाही. भीमथडी तट्टाचं नावच भीमेच्या थडीवरून पडलं. पालखी सोहळ्यात खुडूसच्या रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. विद्याही जुनी आहे. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला. नकुल आणि जयदत्त यांच्या नावावर अश्ववैद्यकाचे संस्कृत ग्रंथ आहेत. बाजारातली भोवऱ्यांची पारखही त्याच परंपरेतली.

गोठ्यात मात्र उतरली ती मिठाची चिमूट आणि तंबाखूच्या पाण्याची पिचकारी. हे उपाय टिकले, कारण काही वेळा ते लागू पडल्यासारखे दिसत. बुबुळावरची लहान जखम भरली की तिचा पांढुरका वण पुढे काही आठवड्यांत आपोआप फिकट होतो, आणि श्रेय मिठाला मिळतं. ज्या डोळ्यात जखम अजून उघडी होती, तिथे तेच मीठ आग ओतायचं.

युरोपातही वेगळं नव्हतं. घोड्याचा डोळा लाल होतो, पाण्यानं भरतो, बरा होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुजतो, हे तिथल्या लोकांनी शतकानुशतकं पाहिलं होतं. दोष चंद्रकलांना दिला गेला आणि आजाराचं नाव 'चंद्रांधत्व' पडलं. १७६२ मध्ये फ्रान्समध्ये लिऑनला क्लोद बूर्जला यांनी पशुवैद्यकाची शाळा सुरू केली, तरी डोळ्याच्या आत बघायला साधन नव्हतं. ते दिलं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी, १८५१ मध्ये. त्यांच्या नेत्रदर्शकामुळे जिवंत डोळ्याचा मागचा पडदा दिसू लागला. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी फ्लुओरेसिन हा रंग तयार केला. पुढे नेत्रवैद्यांनी तो बुबुळावर टाकून पाहिला, तर जखम असेल तेवढीच जागा हिरवी चमकते. ताजी जखम आणि जुना वण यांतला फरक तेव्हापासून कुणालाही डोळ्यानं दिसू लागला. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध हाच. आजही घोड्याचा डोळा दुखत असेल तर ही तपासणी आधी, औषध नंतर.

चंद्राचा दोष पुढे बराचसा लेप्टोस्पायरा या जंतूंकडे गेला. हे जंतू १९१५ च्या सुमारास जपानमध्ये ओळखले गेले. गुरांच्या, उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून ते पसरतात. पुन्हा पुन्हा उठणाऱ्या आतल्या सुजेशी त्यांचा संबंध त्यानंतर काही दशकांनी जुळला. या सुजेवर बाहुली मोठी ठेवणारं अ‍ॅट्रोपिन देतात. ते धोतऱ्यातही असतं. घोड्याच्या आतड्याची हालचाल त्यानं मंदावते, म्हणून थेंब मोजून घालायचे आणि लीद नीट पडते का, पोट फुगतंय का, यावर नजर ठेवायची.

किड्याची गोष्ट खास आपल्या भागातली. बाहुलीपुढच्या स्वच्छ पाण्यात पांढऱ्या दोऱ्यासारखा जिवंत किडा वळवळताना दिसतो. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. हा सेटारिया. याचं खरं घर गुरांचं पोट. डास गुरांच्या रक्तातून त्याची पिल्लं उचलतो आणि घोड्याला चावतो. परक्या शरीरात वाट चुकलेला किडा कधी डोळ्यात निघतो. तसल्या किड्याच्या जाती डासात वाढतात हे ब्रिटिश डॉक्टर मॅन्सन यांनी १८७७ मध्ये माणसाच्या हत्तीरोगाच्या किड्यावर दाखवलं होतं. बैल, म्हैस आणि घोडी एकाच दावणीला बांधली जातात तिथे हे समजायला कठीण नाही. उपाय शस्त्राचाच: भूल देऊन बुबुळाच्या कडेला बारीक छेद, आतल्या पाण्याबरोबर किडा बाहेर. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं. आज सातारा जिल्ह्यात शिरवळलाही हे शिक्षण मिळतं, त्यामुळे हा छेद घेणारे हात पूर्वीपेक्षा जवळ आहेत.

वरातीसाठी नुकऱ्याला, म्हणजे पांढऱ्याशुभ्र घोड्याला, मागणी फार. पण गुलाबी पापण्यांना सोलापूरचं ऊन सोसत नाही, त्या कातडीवर कर्करोगाच्या गाठी उठू शकतात. पापणीवर न भरणारा लाल चट्टा दिसला तर थांबू नये. उलट बाहुलीच्या वरच्या कडेला काळ्या मण्यांसारखे गोळे दिसले म्हणून घाबरू नये. ते प्रत्येक घोड्याला असतात.

दुखणारा डोळा ओळखायची खूण पापणीच्या केसांत आहे. निरोगी घोड्याचे ते जवळजवळ आडवे, पुढे आलेले असतात. दुखत असेल त्या बाजूचे खाली झुकतात. दोन पावलं मागे सरून समोरून बघितलं की फरक कळतो. मी एका घोडीच्या दारात असाच उभा होतो. डाव्या बाजूचे केस झुकलेले, गालावर ओली रेघ. मालकानं आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब पाच दिवस घातले होते. त्यात सूज उतरवणारं स्टेरॉइड होतं. बुबुळावर उघडी जखम असताना स्टेरॉइड ती भरू देत नाही, जंतू आणि बुरशी मोकाट वाढतात. बुबुळ मऊ पडून वितळायला लागलं होतं. ती घोडी आज एकाच डोळ्यानं बघते. वरातीत मालक स्वतः तिच्या डाव्या बाजूनं चालतो आणि बँजो वाजायला लागला की आधी तिच्या मानेवर हात ठेवतो.