सागावरची अळी ऊस खात नाही

राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात वळवाचे पाऊस झाले की सागाची कोवळी पालवी काही दिवसांत फस्त होते, आणि 'साग संपला की अळी उसात नि सोयाबीनमध्ये उतरते' हा जुना समज पुन्हा जोर धरतो. त्यापायी बांधावरचे साग तोडलेलेही दिसतात, याचे वाईट वाटते.

ही अळी म्हणजे हायब्लिया प्युएरा या पतंगाची. तिचे अन्न मुख्यतः साग आणि त्याच्याशी नाते असलेल्या वनस्पती; मुंबईच्या खाडीकाठचे तिवरही तिने निष्पर्ण केलेले आहेत. ऊस मात्र गवतकुळातला आणि सोयाबीन शेंगवर्गातले असल्याने, त्यांवर तिची पिढी वाढत नाही.

मग ती पिकावर दिसते कशी? पूर्ण वाढलेली अळी रेशमी धाग्याने लोंबकळत खाली येते आणि पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोष करते. वाटेत उसाचे पान आले तर ती त्यावर टेकते, एवढेच. सोयाबीनची पाने कुरतडणारी बहुधा स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूची पाने खाणारी अळी असते, आणि ती कीड वेगळी आहे.

झाड आणि ऊस यांना खरोखर जोडणारी कीड हुमणी आहे: तिचे भुंगेरे वळवानंतर रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि अळ्या जमिनीत उसाची मुळे कुरतडतात. म्हणून बंदोबस्त करायचा तो त्या झाडांवरचे भुंगेरे सायंकाळनंतर फांद्या हलवून, गोळा करून, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून. सागावर कुऱ्हाड चालवून हुमणी कमी होत नाही.