खडकावर आधी तुटतो तो एक्सल: मोठ्या आरसी क्रॉलरची पार्श्वभूमी

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) रॉक क्रॉलरचं, म्हणजे खडक चढणाऱ्या छोट्या गाडीचं, आयुष्य एक्सलवर ठरतं. एक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा, फिरवणारा आडवा भाग. मोटर जळते, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) बंद पडतो, पण ते बदलून पुन्हा खडकावर जाता येतं. पुढचा एक्सल आतून गेला की त्या दिवसाचा खेळ संपला. १/१० मापाची (खऱ्या गाडीच्या एक दशांश) गाडी चालवून हात बसलेला माणूस १/६ मापाकडे वळतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो की कोणता एक्सल टिकेल. त्याचं उत्तर शोधायचं तर आजचे एक्सल असे का दिसतात हे माहीत हवं. बहुतेक सुधारणा आधी काहीतरी मोडलं म्हणून झालेल्या आहेत.

सुरुवात जपानमधून झाली. तामिया कंपनीने १९८१ मध्ये टोयोटा हायलक्सचं १/१० मापातलं मॉडेल आणलं. शिडीसारखी चॅसी, पाट्यांचं सस्पेन्शन, तीन गिअर आणि दोन्ही बाजूंना अखंड एक्सल, म्हणजे खऱ्या पिकअपचीच नक्कल. १९८५ मध्ये त्याच घराण्यातली ब्रूझर आली. या गाड्या दिसायला देखण्या होत्या, पण खडक चढणं हा त्यांचा हेतूच नव्हता.

वळण दिलं ते १९८७ च्या क्लॉड बस्टरने. ही राक्षसी चाकांची मॉन्स्टर ट्रक. तिच्यात प्रत्येक एक्सलवर स्वतंत्र मोटर होती आणि पुढची-मागची चारही चाकं वळायची. मधे गिअरबॉक्स नाही, एक्सलपर्यंत जोर नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट नाही. एक्सल म्हणजे स्वतःपुरती पूर्ण गाडीच. पुढे अमेरिकेतल्या हौशी लोकांनी हेच एक्सल उचलले, स्वतः कापलेल्या ॲल्युमिनियमच्या चॅसीखाली लावले आणि मोठ्या मापाचे पहिले क्रॉलर उभे केले. मात्र क्लॉडची घडण सपाट मैदानासाठी होती. गिअरचं घर प्लॅस्टिकचं, चाक वळवणारे नकल प्लॅस्टिकचे. दगडात चाक अडकलं की घर उसवायचं आणि दात एकमेकांवरून घसरायचे. म्हणून पट्ट्या मारणं, धातूचे नकल बसवणं, डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) इपॉक्सीने किंवा वेल्डने कायमचं बंद करणं हे सगळं सुरू झालं.

डिफरन्शिअल बंद करण्याचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. उघडं डिफ असेल तर अधांतरी चाक रिकामं फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. बंद केलं की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, पकड असलेल्या चाकाला पूर्ण जोर मिळतो. पण मग एका बाजूच्या एकट्या शाफ्टवर सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, येतो. खडक चढायची ताकद आणि शाफ्ट तुटायची भीती, दोन्ही याच एका उपायाने वाढल्या.

२००७ मध्ये ॲक्सियल कंपनीने एएक्स१० स्कॉर्पिअन आणली आणि क्रॉलर दुकानात तयार मिळू लागला. २०११ मध्ये रेथ आली, तिचा एआर६० एक्सल रुंद आणि दणकट. २०१६ च्या एससीएक्स१० टू मध्ये एआर४४ आला. त्यात पिनियन (प्रोपेलर शाफ्टकडून जोर घेणारा छोटा गिअर) वर उचललेला होता, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट दगडावर घासणं कमी झालं आणि त्याचा कोनही सुधारला. पुढच्याच वर्षी ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ ने पोर्टल एक्सल आणला. २०२१ संपता संपता ॲक्सियलने १/६ मापाची एससीएक्स६ बाजारात आणली, एआर९० एक्सल घेऊन.

माझ्या मते यात सगळ्यात मोठी उडी पोर्टलची. ती कल्पना खेळण्याची नाही. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीसाठी घडवलेल्या उनिमोग या गाडीत ती होती. चाकाच्या तुंब्यापाशीच गिअरची एक जोडी बसवायची. त्याने एक्सलचं घर चाकाच्या मध्यापेक्षा वर जातं, खाली दगडाला जागा मिळते. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा फायदा दुसरा आहे. समजा त्या जोडीचं गुणोत्तर २:१ आहे, तर चाकाला लागणारा टॉर्क शेवटच्या क्षणी दुप्पट होतो आणि आतला शाफ्ट, जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा), क्राउन-पिनियन (एक्सलमधला मोठा आणि छोटा गिअर) यांना निम्म्याच टॉर्कवर काम करावं लागतं. मोटर ते चाक या प्रवासात टॉर्क जितका उशिरा वाढवाल, तितके मधले सगळे भाग सुखी. एक्सलचा इतिहास मला या एका वाक्यात दिसतो.

मोठ्या मापात हे जास्तच भोवतं. १/१० वरून १/६ ला गेलं की लांबी-रुंदी सुमारे १.६७ पट होते. सगळं त्याच प्रमाणात वाढवलं तर वजन ४.६ पट होतं. चाकाची त्रिज्याही वाढलेली असते, म्हणून चाक फिरवायला लागणारा टॉर्क ७.७ पट होतो. शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद मात्र व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे ४.६ पटच. छोट्या गाडीत ५ मिमीचा शाफ्ट पुरत असेल तर मोठीत ८.३ मिमी दिसायला प्रमाणात वाटेल, पण तेवढाच भरवसा हवा तर १० मिमी लागेल. फोटोत दणकट दिसणारा मोठा एक्सल प्रत्यक्षात कमजोर निघतो, त्याचं मुख्य कारण हे गणित.

आता आपला दगड. मराठवाडा बेसाल्टवर बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक. म्हैसमाळच्या बाजूला किंवा बीडकडे बालाघाटच्या उतारावर पाहिलं तर डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात, उभी कड आणि मग सपाटी. उन्हाळ्यातला कोरडा बेसाल्ट खरखरीत असतो, मऊ रबराचं टायर त्याला घट्ट धरतं. चाक घसरलं तर टॉर्क तिथेच सुटतो, शाफ्ट वाचतो. चाक उभ्या कडेला टेकून किंवा भेगेत रुतून थांबलं, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असलं आणि आपण थ्रॉटल दाबत राहिलो, तर मोटरचा टॉर्क गिअरमधून तीस-चाळीस पट होऊन त्या एका जॉइंटवर येतो. पुढचा एक्सल आधी जातो तो यामुळे. वळलेल्या जॉइंटमध्ये बारीक पिन आणि तिच्यासाठी कापलेली खाच, हीच सगळ्यात पातळ जागा.

तुटलेला शाफ्ट फेकू नका, तो उजेडात धरून पाहा. तुटीचा चेहरा अक्षाशी काटकोनात सपाट आणि कडेला पीळ दिसत असेल, तर पोलाद मऊ होतं, हळूहळू पिळत गेलं. तूट पंचेचाळीस अंशात, स्क्रूच्या आट्यासारखी फिरत गेलेली असेल, तर पोलाद आरपार कडक आणि ठिसूळ होतं. पहिल्यात धातू बदलावा लागतो, दुसऱ्यात हीट ट्रीटमेंट.

शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट महामार्गावर दिसते. धुळे-सोलापूर रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकचा हाफ शाफ्ट मेकॅनिक चाक न काढता, जॅक न लावता बाजूने ओढून काढतो. तिथे वजन एक्सलच्या घरावर असतं, शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. बहुतेक आरसी एक्सलमध्ये तसं नसतं. चाकाचा हेक्स (षटकोनी बैठक) थेट शाफ्टवर बसतो, त्यामुळे त्याला पीळही सोसावा लागतो आणि वाकही. बाहेर निघालेली रुंद चाकं लावली की वाक आणखी वाढतो. म्हणून एक्सल निवडताना शाफ्टच्या जाडीइतकंच महत्त्व टोकाच्या दोन बेअरिंगमधल्या अंतराला द्या. अंतर जास्त, तर शाफ्ट सुरक्षित.

क्राउन-पिनियनचे दात तिरके कापलेले असावेत, एका वेळी जास्त दात जुळतात. घर ॲल्युमिनियमचं असेल तर डिफपाशी ते वाकत नाही ना, हे हाताने पिळून पाहावं, कारण घर वाकलं की उत्तम गिअरही दात खातात. रंग आणि कोरीवकामाला मी काडीचीही किंमत देत नाही.

परदेशी सुटे भाग महाग पडतात आणि वाट पाहायला लावतात. या बाबतीत छत्रपती संभाजीनगरची मंडळी नशीबवान. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले, आणि लेथ, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंटचं काम जाणणारी माणसं इथे घडली. त्यांच्याकडे शाफ्ट करून घेताना ईएन-८ या साध्या पोलादावर भागवू नका, ईएन-२४ हे जास्त मजबूत मिश्र पोलाद सांगा. गिअर करायचे असतील तर वरून कडक आणि आतून चिवट राहणारं केस हार्डनिंगचं पोलाद, उदाहरणार्थ २०एमएनसीआर५. जिथे व्यास बदलतो तिथे कोपरा धारदार ठेवू नका, गोलाई मागा. तूट बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यातून सुरू होते. आणि सगळंच अभेद्य करायच्या मागे लागू नका. काहीतरी तुटणारच असेल तर ती बाहेरची पिन असू द्या, जी खडकावर बसून पाच मिनिटांत बदलता येते. पिनचा व्यास आणि लांबी कागदावर लिहून कारागिराला द्या आणि एकदम दहा-बारा करून घ्या.