पिनाकी नव्हे, कपाली

'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात पार्वतीच्या आश्रमात येतो आणि शंकराशी लग्न करण्याच्या निश्चयापासून तिला परावृत्त करू पाहतो, म्हणजे स्वतःचीच निंदा करू लागतो. या निंदेच्या ओघात तो म्हणतो, की 'कपाली'च्या समागमाची इच्छा धरल्यामुळे आता दोघींची कीव करावी लागेल, एक चंद्राची कला आणि दुसरी तू. कपाली म्हणजे कवटी बाळगणारा. शंकराला नावांचा तोटा नाही. त्यांतले 'पिनाकी', म्हणजे पिनाक धनुष्य धारण करणारा, हे नाव तर लघू-गुरूंच्या हिशेबात नेमके तेवढेच आहे आणि 'कपालिनः'च्या जागी 'पिनाकिनः' लिहिले असते तरी वृत्त कुठेही अडखळले नसते. तरीही कालिदासाने धनुष्य सोडून कवटी निवडली. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला काश्मीरचा काव्यमीमांसक कुंतक याने या एका शब्दावर बोट ठेवले आणि दाखवून दिले, की परमेश्वराची हजारो नावे हाताशी असताना किळस उत्पन्न करणारे हेच नाव घेण्यात कवीचे कौशल्य आहे. धनुर्धर वराला माळ घालणाऱ्या मुलीची कीव कोण करणार? समानार्थी शब्दांतून असा एक शब्द वेचण्याला कुंतकाने 'पर्यायवक्रता' असे नाव दिले. शाळेत आपण महादेव, नीलकंठ, त्रिनेत्र अशी यादी पाठ करतो आणि त्यांतला कोणताही शब्द लिहिला तरी गुण मिळतात, त्यामुळे हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल बसतात अशी एक समजूत कायमची मनात राहून जाते.

कुंतकाचे निरीक्षण रसिकाचे होते. शब्दांची अशी छटा मोजून पाहण्याची रीत विसाव्या शतकात आली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना एकेक शब्द देऊन तो चांगला की वाईट, बलवान की दुबळा, चपळ की मंद अशा विरुद्ध टोकांच्या मधल्या सात पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर बसतो, असे विचारले. अशा असंख्य उत्तरांतून त्यांना मुख्यतः तीन मापे वेगळी काढता आली: शब्दातली पसंती-नापसंती, त्यातले बळ आणि त्यातली हालचाल. आपल्याकडच्या शब्दांवर हा खेळ करून पाहण्यासारखा आहे. वजनकाट्यावर सारखेच भरणारे तीन तरुण 'सडपातळ', 'काटक' आणि 'किडकिडीत' असू शकतात. पहिल्याच्या वाट्याला पसंती येते, दुसऱ्याच्या वाट्याला बळ येते आणि तिसऱ्याच्या वाट्याला दोन्हीही येत नाही. काटा मात्र तोच आहे.

एवढ्यावर कोणी म्हणेल, की हा सारा भावनेचा मामला झाला, वस्तुस्थितीच्या आकलनात शब्दाने काय फरक पडणार? मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या शंकेचे बऱ्याच अंशी उत्तर देतात. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवून त्यांनी गाड्यांच्या वेगाचा अंदाज विचारला. प्रश्न सर्वांना एकच होता, फक्त त्यातले क्रियापद गटागटाला बदलले होते. गाड्या एकमेकींना 'लागल्या' अशा अर्थाचे सौम्य क्रियापद ज्यांच्या प्रश्नात होते, त्यांचा सरासरी अंदाज ताशी 31.8 मैल आला, आणि गाड्या आदळून 'चक्काचूर' झाल्याचे सुचवणारे क्रियापद ज्यांच्या वाट्याला आले, त्यांचा 40 मैलांहून थोडा जास्त. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने पुन्हा बोलावून विचारले, की फुटलेली काच पाहिल्याचे आठवते का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरीही चक्काचूरवाल्या गटातल्या 50 पैकी 16 जणांनी 'हो' म्हटले, तर साध्या 'धडकल्या'वाल्या गटातल्या 50 पैकी 7 जणांनीच. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांचे अंदाज म्हणजे न्यायालयातली साक्ष नव्हे, हे मान्य करूनही प्रश्नातल्या एका क्रियापदाने आठवणीत काच फोडावी ही गोष्ट विचारात पाडणारी आहे. मराठी वृत्तपत्रातल्या अपघाताच्या बातम्या या दृष्टीने वाचाव्यात. 'ट्रकने वृद्धाला चिरडले' आणि 'ट्रकखाली सापडून वृद्धाचा मृत्यू' ही एकाच घटनेची दोन शीर्षके असू शकतात. पहिल्यात ट्रक काहीतरी करतो, दुसऱ्यात तो नुसताच तिथे असतो आणि सापडण्याचे काम वृद्धाच्या अंगावर पडते.

ही छटा शब्दाला चिकटते कुठून, याचे उत्तर बव्हंशी त्याच्या सोबतीत आहे. एखादा शब्द पिढ्यान् पिढ्या ज्या शब्दांच्या शेजारी वापरला जातो, त्यांचा वास त्याला लागतो. कारण सांगणारे 'मुळे' आणि 'पायी' हे दोन मराठी शब्द घ्या. 'मुळे' कोणाच्याही बाजूला बसतो: पावसामुळे पीक आले आणि पावसामुळेच ते गेले. 'पायी'ची संगत मात्र दारूपायी, पैशापायी, नादापायी अशी ठरलेली आहे. काहीतरी गमावल्याचा किंवा पणाला लावल्याचा सूर त्यात आधीच मिसळलेला असतो. म्हणून 'तुझ्यामुळे मी इथवर आलो' हे आभार आहेत आणि 'तुझ्यापायी मी इथवर आलो' हे गाऱ्हाणे. शब्दकोशात पाहिले तर दोघांचाही अर्थ 'कारणाने' असाच दिलेला सापडेल.

याहून सूक्ष्म काम आपली संयुक्त क्रियापदे करतात, आणि माझ्या मते मराठी गद्यलेखकाच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार हेच आहे. 'तो बोलला' हे निव्वळ निवेदन झाले. 'बोलून टाकले' म्हटले की मनावरचे ओझे उतरते, 'बोलून दाखवले' म्हटले की समोर कोणीतरी ऐकणारा उभा राहतो, 'बोलून ठेवले' म्हटले की पुढच्या व्यवहाराची तजवीज होते, आणि 'बोलून बसला' म्हटले की निवेदकाने कपाळावर हात मारलेला दिसतो. बसण्याची क्रिया इथे कुठेही घडत नाही. उरतो तो फक्त पश्चात्ताप. एकही विशेषण न वापरता पात्राविषयीचे मत वाचकाच्या गळी उतरवण्याची ही सोय आहे, आणि विशेषण जसे चटकन नजरेत भरते तसे हे सहायक क्रियापद भरत नसल्यामुळे वाचक त्याच्याशी वाद घालायलाही जात नाही.

संगणकाला भाषा शिकवण्याच्या आजच्या पद्धतीही सोबतीच्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. प्रचंड मजकुरात कोणता शब्द कोणाच्या शेजारी येतो हे पाहून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ओळ दिली जाते, आणि सारखी संगत असलेले शब्द त्या आकड्यांच्या अवकाशात जवळजवळ येतात. गंमत अशी, की 'चांगला' आणि 'वाईट' यांची संगतही पुष्कळशी सारखीच असते, कारण दोघेही माणूस, दिवस आणि अनुभव यांच्याआधीच येतात. त्यामुळे निव्वळ शेजारावरून काढलेल्या हिशेबात विरुद्धार्थी शब्द अनेकदा एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले आढळतात.

मराठीत ही निवड आणखी गुंतागुंतीची होते, कारण आपला शब्दसंग्रह अनेक थरांचा आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, प्राकृतातून झिजत आलेले, फारसी-अरबीतून दरबारामार्गे आलेले आणि इंग्रजीतून कचेरीमार्गे आलेले शब्द एकाच वाक्यात नांदतात, आणि प्रत्येक थर आपला सूर घेऊन येतो. घरात आजोबा 'गेले', शेजारी 'वारले' म्हणतात, शोकसभेत त्यांचे 'निधन' होते आणि पंचनाम्यात ते 'मयत' होतात. अरबीतून आलेला हा शेवटचा शब्द क्रूर नाही, तो फक्त कोरडा आहे, आणि लेखकाला जेव्हा शोक अजिबात न दाखवता वाचकाला तो जाणवून द्यायचा असतो, तेव्हा नेमका असा कोरडा शब्दच कामी येतो. सरकारी नावांतही थर बदलला की अर्थ हलतो. महाराष्ट्राच्या 'पाटबंधारे' विभागाचे नाव 'जलसंपदा' झाले तेव्हा पाट आणि बंधारा ही बांधकामे नजरेआड झाली आणि पाणी ही संपत्ती म्हणून पुढे आली.

काही वेळा शब्दाची छटा धुऊन काढण्यासाठीच नवा शब्द आणला जातो. अशुभ टाळण्यासाठी आपण बांगडी फुटली न म्हणता 'वाढवली' म्हणतो, नारळ 'वाढवतो' आणि रात्री दुकानही 'वाढवतो', ते इतके की या वाढण्यात आता फुटणे आणि बंद होणे सहज ऐकू येते. 'संडास' हा शब्द ओशाळवाणा वाटू लागला म्हणून 'शौचालय' आले, त्यालाही वास येऊ लागला तेव्हा 'स्वच्छतागृह' आले, आणि 'प्रसाधनगृह' मागोमाग उभेच होते. वस्तू तीच राहिली की तिचा वास थोड्याच वर्षांत नव्या नावालाही लागतो. एसटी स्थानकात 'स्वच्छतागृह' ही पाटी दुरून दिसली, की आपला हात आधी नाकाकडे जातो.