गल्फ प्रवाह आणि उभे अभिसरण: बर्फ वितळल्याने नेमके काय मंदावते?

सोलापूरचा पारा ४३ अंशांकडे झुकू लागला की हवामानबदलावरील लेखांना वाचक मिळतात, आणि त्या लेखांत एक वाक्य दरवर्षी न चुकता येते: ‘ग्रीनलंडचा बर्फ वितळल्यामुळे गल्फ प्रवाह बंद पडेल.’ भूगोल शिकवताना हे वाक्य मी उत्तरपत्रिकांतही इतक्या वेळा तपासले आहे की आता त्याची सविस्तर दुरुस्ती लिहून ठेवणेच योग्य वाटते. बर्फाच्या पाण्याने गल्फ प्रवाह बंद पडत नाही. त्या पाण्याने जे मंदावू शकते, आणि पूर्वी बहुधा मंदावले होते, ते अटलांटिक महासागराचे उभे अभिसरण होय, म्हणजे पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाऊन खोलवरून दक्षिणेकडे परतणारे पाण्याचे चक्र. शास्त्रज्ञ त्याला ‘एमॉक’ या संक्षिप्त नावाने ओळखतात.

गल्फ प्रवाहाविषयी फार सांगण्याची गरज नाही. मेक्सिकोच्या आखाताकडून फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून निघून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून ईशान्येकडे जाणारा हा उष्ण प्रवाह नकाशात लाल बाणाने दाखवलेला आपण सर्वांनी पाहिला आहे.

उभ्या अभिसरणाला मात्र पाठ्यपुस्तकातील तो लाल बाण पुरत नाही, कारण त्याचा अर्धा भाग समुद्राच्या पोटात आहे. उष्ण व खारे पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते. ग्रीनलंड, आइसलँड आणि नॉर्वे यांच्या आसपासच्या समुद्रांत त्याची उष्णता हवेला मिळते. थंड झाल्याने ते जड होते, खाली बुडते आणि दोन-तीन किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे परतते. उत्तर अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तर अक्षवृत्तावर २००४ पासून या अभिसरणाचे सलग मोजमाप होत आहे, आणि त्याचा सरासरी ओघ सेकंदाला सुमारे १.७ कोटी घनमीटर भरतो. आपल्या परिमाणात सांगायचे तर सुमारे ११७ टीएमसीचे उजनी धरण या ओघाने सव्वातीन मिनिटांत काठोकाठ भरेल. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून जाणारा गल्फ प्रवाह याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप हॅटरस या भूशिराच्या पुढे तो आणखी कितीतरी पटींनी फुगतो. हे आकडेच सांगतात की दोन्ही गोष्टी एक असू शकत नाहीत. गल्फ प्रवाहातील बरेचसे पाणी उत्तरेला बुडायला जातच नाही. ते अटलांटिकमध्येच वळसा घेऊन पुन्हा दक्षिणेकडे येते. उभ्या अभिसरणाचे वरचे पाणी काही अंतर गल्फ प्रवाहाच्या वाटेनेच जाते, आणि गोंधळाचे मूळ या सामाईक वाटेत आहे.

परंतु वाट एक असली म्हणून चालक एक होत नाही. गल्फ प्रवाहाला चालवतात ते वारे: विषुववृत्ताच्या बाजूचे व्यापारी वारे आणि मध्य अक्षांशांतील पश्चिमी वारे मिळून संपूर्ण उत्तर अटलांटिकचे पाणी चक्राकार फिरवतात, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे या चक्राची पश्चिमेकडील बाजू अरुंद व वेगवान होते. ही अरुंद, वेगवान बाजू म्हणजेच गल्फ प्रवाह. ती तशी का होते याचे गणित समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९४८ मध्ये मांडले, आणि गल्फ प्रवाह थांबवायचा असेल तर वारे तरी थांबवावे लागतील किंवा पृथ्वीचे फिरणे तरी, हे समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात स्पष्ट केले. उभे अभिसरण मंदावले तर गल्फ प्रवाह काहीसा क्षीण होईल, कारण त्यातील एक वाटा कमी होईल. त्याचे वाऱ्याने फिरणारे चक्र मात्र चालूच राहील. उभ्या अभिसरणालाही वाऱ्याचा हातभार लागतो, पण उत्तरेला पाणी पुरेसे जड होऊन बुडाले नाही तर त्याची साखळीच तुटते. बर्फाचे पाणी घाव घालते ते या दुव्यावर.

आता ज्या ठिकाणी चांगले वाचकही चुकतात त्याकडे वळतो. वितळलेल्या बर्फामुळे हवामान थंड झाले असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सरबताच्या पेल्यातील बर्फाचा खडा येतो: थंड पाणी समुद्रात आले, म्हणून समुद्र थंड झाला, म्हणून युरोप गारठला. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. इथे खरे काम पाण्याच्या थंडपणाने नव्हे, त्याच्या गोडेपणाने केले. थंडपणाने पाणी जड होते, म्हणजे बुडण्यास मदतच होते. गोडेपणाने ते हलके होते. हिमस्तराचे, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या बर्फाच्या जाड थराचे, पाणी गोडे असते, ते खाऱ्या समुद्रावर झाकणासारखे पसरते, आणि खालच्या पाण्याला वर येऊन हवेला उष्णता देण्याची व स्वतः बुडण्याची संधी राहत नाही.

याचा पडताळा घरी घेता येतो, आणि सोलापूरचा मे महिना त्यासाठी सोयीचा आहे. खाण्याचा रंग घालून बर्फाचे दोन खडे गोठवावेत. काचेच्या एका पेल्यात साधे पाणी घ्यावे, दुसऱ्यात त्याच तापमानाचे पण भरपूर मीठ विरघळवलेले पाणी घ्यावे, आणि दोन्हींत एकेक खडा अलगद सोडावा. साध्या पाण्यात रंगाच्या रेषा खड्यापासून सरळ तळाकडे उतरताना दिसतात. खाऱ्या पाण्यात मात्र रंग वरच एका थरात साचून राहतो आणि खडाही उशिरा वितळतो, कारण त्याच्याभोवतीचे थंड गोडे पाणी खाली जातच नाही. दोन्ही खडे सारखेच थंड होते. फरक केवळ मिठाचा आहे.

हा फरक किती बळकट आहे हे आकड्यांत पाहिले की शंका राहत नाही. किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असलेले ५ अंश सेल्सिअसचे समुद्रजल घनमीटरला सुमारे १०२७.७ किलो भरते. त्याची क्षारता केवळ एका ग्रॅमने घटवून ३४ केली, आणि मग ते गोठण्याच्या अगदी काठापर्यंत, म्हणजे उणे १.८ अंशांपर्यंत, थंड केले, तरी ते सुमारे १०२७.४ किलोच भरते. एवढी थंडी देऊनही एका ग्रॅम मिठाची भरपाई होत नाही. थंड समुद्रात घनतेचा कारभार तापमानापेक्षा क्षारतेच्या हाती असतो, आणि ही गोष्ट लक्षात आली की थोड्याशा गोड्या पाण्याचा एवढा मोठा परिणाम का होतो हे आपोआप उलगडते.

त्यात आणखी एक पेच आहे. उत्तरेकडे मीठ वाहून नेण्याचे काम हेच अभिसरण करते. ते मंदावले की मीठ कमी पोहोचते, उत्तरेचे पाणी आणखी हलके होते आणि अभिसरण आणखी मंदावते. अशा रचनेला दोन स्थिर अवस्था असू शकतात आणि एका मर्यादेनंतर ती एकीतून दुसरीत घसरू शकते, हे याच स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये पाण्याच्या दोन पेट्यांच्या साध्या गणिती नमुन्याने दाखवले.

भूतकाळात असे घडल्याच्या खुणा आहेत. शेवटचे हिमयुग ओसरत असताना, पृथ्वी उबदार होत असतानाच, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकचा परिसर अचानक पुन्हा गारठला आणि ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत तसाच राहिला. ड्रायस या ध्रुवीय रानफुलाचे अवशेष युरोपातील त्या काळच्या गाळात सापडतात, म्हणून या काळाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. उत्तर अमेरिकेवरील लॉरेन्टाइड हिमस्तराच्या कडेला साचलेल्या अगॅसिझ या प्रचंड सरोवराचे पाणी समुद्रात गेल्याने हे झाले असावे, असे भूशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांच्यासह अनेकांनी मांडले. ते सेंट लॉरेन्सच्या वाटेने गेले की मॅकेन्झी नदीने आर्क्टिकमार्गे, यावर मतभेद आहेत. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीच्या छोट्या शीतकाळाबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे: हडसन उपसागरावरील बर्फाचा बांध फुटून सरोवर रिकामे झाले आणि थंडी साधारण दीडशे वर्षे टिकली.

हाइनरिख घटनांबाबत, म्हणजे हिमयुगात हिमस्तरांपासून सुटलेल्या हिमनगांचे लोंढे अटलांटिकमध्ये येण्याच्या प्रसंगांबाबत, मात्र मी विद्यार्थ्यांना सावध करतो. हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळावर हिमनगांनी वाहून आणलेल्या दगडगोट्यांचे थर वर्णिले, आणि बर्म्युडाजवळच्या गाळातील प्रोटॅक्टिनियम व थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या गुणोत्तरावरून (त्यातून अभिसरणाच्या जोराचा अंदाज येतो), सुमारे १७,००० वर्षांपूर्वीच्या अशा घटनेत अभिसरण जवळजवळ थांबल्याचे २००४ मध्ये दाखवले गेले. परंतु अनेक प्रसंगी थंडी आधी सुरू झाली आणि हिमनग नंतर आले, असेही पुढे गाळातून दिसले. म्हणजे तेथे हिमनगांनी थंडी सुरू केली नसेल, सुरू झालेली लांबवली असेल. ‘बर्फ वितळला म्हणून थंडी आली’ हे प्रत्येक घटनेला सरसकट लावणे मला मान्य नाही.

‘हिमयुग’ या शब्दाचाही असाच सैल वापर होतो, पण ते एका वाक्यात मिटते: हिमयुगांचे येणे-जाणे पृथ्वीच्या कक्षेतील हजारो वर्षांच्या फेरबदलांशी बांधलेले आहे, आणि यंगर ड्रायससारखा शीतकाळ काही दशकांत अवतरणारा, मुख्यतः उत्तर अटलांटिकभोवतीचा प्रसंग आहे.

‘मग सोलापूरकराला याचे काय?’ असे वर्गात हमखास विचारले जाते, आणि प्रश्न रास्त आहे. उभे अभिसरण दक्षिणेकडून उत्तर गोलार्धात उष्णता आणते. ते मंदावले की उत्तर गोलार्ध तुलनेने थंड होतो आणि उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. अरबी समुद्राच्या तळातील गाळ आणि आशियातील गुहांमधले चुनखडीचे स्तंभ सांगतात की उत्तर अटलांटिकच्या त्या शीतकाळांत आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊसही दुबळा झाला होता. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या पावसाच्या ओलीवर उभी राहते, त्याचा धागा असा ग्रीनलंड व कॅनडा यांच्यामधील लॅब्राडोरच्या समुद्रातील मिठापर्यंत पोहोचतो. मात्र हा शतकांचा हिशोब आहे. एखाद्या वर्षीचा कोरडा जून याच्या माथी मारू नये. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, आणि ती पूर्णपणे वेगळी यंत्रणा आहे.

आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात हे अभिसरण मंदावणे अतिशय संभवनीय आहे, आणि २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही याबद्दल समितीला मध्यम खात्री आहे. या दोन्ही विधानांचा विषय उभे अभिसरण आहे. त्यांचे मराठी करताना ‘गल्फ प्रवाह’ लिहिले, तर समितीने न केलेले विधान आपण तिच्या तोंडी घालतो.