टर्बोच्या पाइपात दाब कुठे पडतो

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र. त्याच्या पाइपातला प्रेशर ड्रॉप, म्हणजे वाटेत किती दाब पडतो ते, काढायचं सूत्र मोटारीपेक्षा जुनं आहे, आणि ते आलं पाण्याच्या नळांतून. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत शिकवणाऱ्या यूलियस वाइसबाखने ते १८४५ मध्ये मांडलं. आजच्या भाषेत: घर्षणांक (पाइपातलं घर्षण मोजणारा आकडा) गुणिले लांबी, भागिले व्यास, गुणिले वेगदाब. वेगदाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मा. फ्रान्समध्ये दिजाँ शहराला झऱ्याचं पाणी आणून देणाऱ्या हेन्री डार्सीने १८५७ मध्ये आपले प्रयोग छापले आणि दाखवलं की नळ आतून किती खरखरीत आहे, यावरही हिशेब बदलतो.

पण घर्षणांक आणायचा कुठून? १८८३ मध्ये रेनॉल्ड्सने मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून प्रवाह कधी विस्कटतो ते पाहिलं. गटिंगनच्या निकुराद्झेने तर चाळून एकाच मापाची केलेली वाळू नळांच्या आतून चिकटवली आणि त्यांतून पाणी सोडलं. त्याचे आकडे १९३३ चे. कोलब्रुकचं १९३९ चं समीकरण नेमकं, पण घर्षणांक दोन्ही बाजूंना, म्हणजे अंदाज करत सोडवायचं. म्हणून १९४४ मध्ये मूडीने आलेख काढला, आणि १९७६ मध्ये रुरकीच्या स्वामी आणि जैन यांनी सरळ कॅल्क्युलेटरवर बसणारं सूत्र दिलं. (एक सावधगिरी: काही पुस्तकांत फॅनिंगचा घर्षणांक असतो. तो डार्सीच्या पाव असतो. गल्लत झाली की उत्तर चौपट चुकतं.)

तिकडे टर्बोची कहाणी वेगळीच चालली होती. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचं पेटंट १९०५ चं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉसने कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, टर्बो बसवलेलं लिबर्टी विमान-इंजिन चालवून दाखवलं. अमेरिकेत विक्रीच्या मोटारींत टर्बो आला १९६२ मध्ये.

आता पाण्याचं सूत्र हवेला लावून पाहू. पाइप ६० मिमी, लांबी २ मीटर, हवा सेकंदाला ०.१५ किलो, बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) १ बार, तापमान ५० अंश. घनता साधारण २.१५ किलो प्रति घनमीटर, वेग २५ मीटर प्रति सेकंद. ध्वनीच्या वेगापुढे हा फारच कमी, त्यामुळे हवा दाबली जात नाही असं धरून चालतं. वेगदाब निघतो ६५० पास्कल. घर्षणांक ०.०१८ धरला तर सरळ पाइपात सुमारे ४०० पास्कल जातात. चार बेंड, प्रत्येकी ०.३ गुणकाचे (म्हणजे प्रत्येकात वेगदाबाच्या ०.३ पट दाब जातो), त्यांत जातात ८०० च्या आसपास. एकूण १,२०० पास्कल, म्हणजे ०.०१२ बार.

म्हणजे ज्या घर्षणांकासाठी एवढी खटपट झाली, तो इथे धाकटा भाऊ. इतक्या तोकड्या पाइपात खरा खर्च वळणांचा असतो, आणि वळणांचे प्रयोगही वाइसबाखनेच केले होते. व्यास ५० मिमी केला तर वेगदाब दुपटीवर जातो आणि एकूण २,६०० पास्कल पडतात. तरी टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या बारीक नळ्यांत बहुतेकदा याहून जास्त जातात.

फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपाकडे मात्र कोणी फारसं बघत नाही. प्रेशर रेशो २ असेल, म्हणजे टर्बोतला हवा दाबणारा कॉम्प्रेसर दाब दुप्पट करत असेल, तर तिथे पडलेला १,००० पास्कल दाब कॉम्प्रेसरपलीकडे २,००० होऊन दिसतो.