दृष्टिपटलातले खटके

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका मोठ्या कुटुंबाची नोंद 1971 साली वैद्यकीय नियतकालिकात झाली. कुटुंबातल्या अनेकांच्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) मधोमध, म्हणजे ज्या पीतबिंदूच्या जोरावर आपण अक्षरं वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथेच, जन्मापासून व्रण असायचा. काहींच्या डोळ्यात तो इतका खोल की पुढे डॉक्टर त्याला ज्वालामुखीच्या विवराची उपमा देऊ लागले. नवल असं, की पडदा एवढा खराब दिसत असूनही यातल्या बऱ्याच जणांची नजर अपेक्षेपेक्षा चांगली होती आणि वय वाढलं तरी आजार सहसा बळावत नसे.

दोष सहाव्या गुणसूत्रावर आहे, इतका माग 1992 मध्ये लागला. मग त्या पट्ट्यातली जनुकं तपासायला सुरुवात झाली. एकाही जनुकाच्या अक्षरांत चूक सापडेना. आजार तर पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता, म्हणजे चूक होती हे नक्की. ती सापडायला 2016 उजाडलं. पीआरडीएम-13 नावाच्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक तुकडा आहे. त्यातून कोणतंही प्रथिन बनत नाही. वेगवेगळ्या कुटुंबांत या तुकड्यातलं एकेक अक्षर बदललेलं निघालं. जनुक धडधाकट होतं, बिघडला होता तो त्याचा खटका.

‘खटका’ हा शब्द मुद्दाम वापरला. पुस्तकात ‘नियामक अनुक्रम’ असं काहीतरी म्हणतील, पण ते वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. दिवा चांगला, वायर चांगली, पण खटका भलत्याच वेळी दाबला गेला किंवा दाबलेलाच राहिला, तर काय होईल ते मात्र कुणालाही कळतं. पीआरडीएम-13 हे जनुक गर्भात डोळा घडत असताना काम करतं. घडणीच्या त्या नाजूक दिवसांत ते गरजेपेक्षा जास्त किंवा अवेळी चालू राहत असावं, असा अंदाज आहे. त्याला बळ देणारी एक गोष्टही सापडली: काही रुग्णांत खटका शाबूत होता, पण अख्ख्या जनुकाची एक जादा प्रत होती. घडण संपली की जनुक गप्प होतं, त्यामुळे आजारही पुढे सरकत नाही.

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुकं असतात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशीत ऱ्होडोप्सिन हे प्रथिन खच्चून भरलेलं असतं. यकृताच्या पेशीतही ऱ्होडोप्सिनचं जनुक आहेच, पण तिथे ते जन्मभर मुकं. हा फरक घडवणारी प्रथिनं खटक्यांवर जाऊन बसतात आणि जनुक चालू किंवा बंद करतात. दृष्टिपटलात यातलं एक प्रमुख प्रथिन म्हणजे एनआरएल. आनंद स्वरूप यांच्या गटाने 2001 मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. उंदराच्या पडद्यात दंडपेशीच दंडपेशी असतात, निशाचर प्राणी तो. या उंदरांत मात्र एकही दंडपेशी तयार झाली नाही. त्यांच्या जागी निळ्या उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशींसारख्या पेशी उभ्या राहिल्या. शंकूपेशी म्हणजे भर उजेडात रंग पाहणाऱ्या पेशी. एक प्रथिन वजा झालं आणि रात्रीच्या डोळ्याचा दिवसाचा डोळा झाला! या क्षेत्रात असंख्य प्रयोग झाले असतील, पण माझ्या मते इतका स्वच्छ निकाल देणारा दुसरा शोधून सापडायचा नाही.

उंदराच्या दंडपेशीचा विषय निघालाच आहे, तर तिचं केंद्रक जवळून पाहण्यासारखं आहे. बहुतेक पेशींत वापरात नसलेला डीएनए घट्ट गुंडाळून केंद्रकाच्या कडेला सारलेला असतो आणि चालू जनुकं आतल्या मोकळ्या जागेत असतात. उंदराच्या दंडपेशीत नेमकं उलट. बंद डीएनएचा एकच दाट गोळा मधोमध आणि चालू जनुकं त्याच्याभोवती. पिल्लाचे डोळे उघडल्यानंतरच्या काही आठवड्यांत ही उलथापालथ पूर्ण होते. 2009 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की हा दाट गोळा चिमुकल्या भिंगासारखा उजेड गोळा करून पुढे पाठवतो आणि अशी रचना निशाचर सस्तन प्राण्यांतच आढळते. जनुकं ठेवण्याच्या कपाटाचंच भिंग केलेलं. माणसाच्या दंडपेशीत हे घडत नाही.

माणसाच्या रंगदृष्टीतला खटकाही असाच मजेशीर आहे. लाल आणि हिरव्या रंगाची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसतात आणि दोघांना मिळून खटका एकच. तो एका वेळी एकाच जनुकाला जोडला जातो, म्हणून एक शंकूपेशी लाल होते, दुसरी हिरवी. जेरेमी नाथन्स आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अशी कुटुंबं शोधली, ज्यांतल्या काहींची रंगांची जनुकं जागेवर होती, पण हा सामायिक तुकडाच गळाला होता. त्यांच्यात दोन्ही जनुकं मुकी. अशा माणसाकडे शंकूपेशींपैकी फक्त निळ्या कामाच्या उरतात. नजर अधू, आणि भर उन्हात डोळे उघडणं मुश्कील.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण असं, की जनुकोपचार म्हटलं की ‘खराब जनुकाच्या जागी चांगलं जनुक’ एवढंच बहुतेकांच्या मनात असतं. पण चांगलं जनुक नुसतं पेशीत सोडून भागत नाही. त्याच्याबरोबर खटकाही पाठवावा लागतो. कोणता पाठवायचा, यावर बरंच काही अवलंबून असतं.

सर्वांत गाजलेलं उदाहरण आरपीई-65 या जनुकाचं. उजेड पडला की दृष्टिपटलातल्या ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या रेणूचा आकार बदलतो. तो रेणू म्हणजे झाडून झालेलं काडतूस, पुन्हा भरल्याशिवाय कामाचं नाही. भरण्याचं काम पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरात आरपीई-65 हे प्रथिन करतं. ते नसेल तर मूल जन्मापासून किंवा लहानपणापासूनच अंधारात चाचपडतं. प्रकाशपेशी (दंडपेशी आणि शंकूपेशी) मात्र पुष्कळ वर्षं जिवंत असतात, आणि उपचाराला वाव मिळतो तो याच काळात. ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांत हाच दोष आढळतो. 2001 मध्ये अशा कुत्र्यांना जनुक देऊन त्यांची दृष्टी परत आणल्याचं प्रसिद्ध झालं. लान्सलॉट नावाचा त्यातला एक कुत्रा पुढे बराच प्रसिद्धी पावला. 2008 मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांचे निकाल आले आणि डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लक्सटर्ना या उपचाराला मान्यता दिली. जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या जोडप्याचं आयुष्यभराचं काम यामागे आहे.

प्रत्यक्षात होतं काय? डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा द्रव आधी काढून टाकतात. मग केसासारख्या बारीक नळीने दृष्टिपटलाखाली 0.3 मिलिलिटर औषध सोडतात. म्हणजे फार तर सहा-सात थेंब. पडदा तेवढ्या जागी फोडासारखा उचलला जातो, आणि त्या फोडात आतून रिकाम्या करून चांगलं जनुक भरलेल्या निरुपद्रवी विषाणूचे सुमारे 150 अब्ज कण असतात. नंतर द्रव शोषला जाऊन पडदा पुन्हा बसतो. चाचणीत रुग्णांना जमिनीवरच्या बाणांमागून अडथळे चुकवत चालायचं होतं आणि उजेड टप्प्याटप्प्याने कमी केला जाई. एका वर्षानंतर उपचार झालेल्या 20 जणांपैकी 13 जण सर्वांत कमी, म्हणजे 1 लक्स उजेडातही ही वाट पार करू शकले. उपचार न झालेल्या गटातल्या कुणालाही ते जमलं नाही.

लक्सटर्नामधल्या जनुकापुढचा खटका ना माणसाच्या डोळ्याचा, ना कुत्र्याच्या. त्यातला एक भाग एका विषाणूकडून घेतलाय आणि दुसरा चक्क कोंबडीच्या जनुकाचा आहे. तो कुठल्याही पेशीत आणि कायम चालू राहतो. आरपीई-65 थोडं कमी-जास्त झालं तरी चालून जातं, म्हणून इथे निभावलं. सगळीकडे ते निभत नाही. ऱ्होडोप्सिन प्रमाणाबाहेर बनलं तर उंदरांच्या दंडपेशी मरतात. 2019 मध्ये कॉनी सेप्को यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की सर्वत्र चालणारे किंवा रंगद्रव्याच्या थरात चालणारे काही खटके दृष्टिपटलाला अपाय करतात, फक्त प्रकाशपेशींत चालणारे तपासलेले खटके मात्र तसं करत नाहीत. विषाणू तोच, फरक खटक्याचा.

जागेचीही अडचण आहे. या विषाणूत सुमारे 4,700 अक्षरं मावतात. पीतबिंदू झिजवणाऱ्या स्टारगार्ट या आनुवंशिक आजारातलं एबीसीए-4 हे जनुक एकटंच 6,800 च्या आसपास. म्हणून ते दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवण्याचे प्रयत्न चालू आहेत. छोटं जनुक असलं तरी नेमक्या पेशीत चालणारा खटका आखूड करून बसवावा लागतोच.

काही वेळा जनुक पाठवण्यापेक्षा मूळ डीएनएलाच हात घालणं सोपं पडतं. लहानपणीच नजर घालवणाऱ्या एका आजारात सीईपी-290 जनुकाच्या न वापरल्या जाणाऱ्या भागात खोलवर एक अक्षर बदललं, की नको तो तुकडा संदेशात घुसतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. 2020 मध्ये क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने डोळ्याच्या आतच तो भाग कापण्याचा पहिला प्रयोग माणसात झाला. 14 जणांपैकी 11 जणांत निदान एका मोजमापात सुधारणा दिसली. हा आकडा ऐकून हुरळून जायचं कारण नाही, कारण सुधारणा सगळ्यांची सारखी नव्हती. पण जिवंत माणसाच्या पडद्यात असं करता येतं, हे तर ठरलं.

मला जास्त कुतूहल आहे ते 2017 मधल्या एका उलट्या चालीचं. दृष्टिपटल झिजवणाऱ्या आजारांत शेकडो वेगवेगळी जनुकं बिघडू शकतात आणि प्रत्येकासाठी वेगळं औषध बनवायला जन्म जायचा. म्हणून दोन गटांनी वर सांगितलेलं एनआरएल जन्मलेल्या उंदरांच्या दंडपेशींत क्रिस्परने बंद केलं. दंडपेशी काही अंशी शंकूपेशींसारख्या वागू लागल्या. दंडपेशींची बरीच जनुकं थंडावली आणि त्यांतलं बिघडलेलंही निरुपद्रवी झालं. पेशी तगल्या आणि शेजारच्या खऱ्या शंकूपेशीही वाचल्या. किंमत अशी, की रात्रीची नजर जवळपास जाते. पण या आजारात ती तशीही आधीच जात असते.

जनुकोपचार हवा तर आधी कुठलं जनुक बिघडलंय ते कळायला हवं. नेहमीच्या बऱ्याच तपासण्या प्रथिन बनवणारा भागच वाचतात, आणि तो आपल्या डीएनएच्या दीड-दोन टक्के भरतो. खटके उरलेल्या भागात विखुरलेले. त्यामुळे ‘कारण सापडलं नाही’ असा अहवाल हातात आला तर तो फाडून टाकू नये. संपूर्ण डीएनए वाचणारी तपासणी करता येते का, किंवा जुनीच माहिती दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून मिळेल का, हे जनुकीय सल्लागाराला विचारावं.