लोकसंख्या संक्रमण

जन्म व मृत्यू या दोहोंचे प्रमाण जास्त असलेल्या स्थितीतून समाजाचे दोहोंचे प्रमाण कमी असलेल्या स्थितीत होणारे दीर्घकालीन स्थित्यंतर. या वाटचालीत मृत्युदर बहुधा आधी उतरतो आणि जन्मदर काही दशकांनी. मधल्या अंतरात लोकसंख्या झपाट्याने वाढते. ‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हणून जे वर्णिले जाते, ते या अंतराचेच दृश्य रूप होय.

दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणाऱ्या जन्मांच्या व मृत्यूंच्या संख्येस अनुक्रमे जन्मदर व मृत्युदर म्हणतात. त्यांतील फरक म्हणजे नैसर्गिक वाढ. तीत स्थलांतराची बेरीज-वजाबाकी केली की एकूण वाढ मिळते. भारतात १९५१–६१ या दशकात जन्मदर ४१·७ व मृत्युदर २२·८ होता. या वेगाने लोकसंख्या सुमारे ३७ वर्षांत दुप्पट होते.

कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. बहुतेक पाठ्यपुस्तके ते अमेरिकन अभ्यासक वॉरन थॉम्प्सन यांना देतात. त्यांनी १९२९ मध्ये जगातील देशांचे जन्म-मृत्युदरांच्या कलानुसार तीन गट पाडले. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ आदोल्फ लांद्री यांनी १९३४ मध्ये जवळपास हीच मांडणी ‘लोकसंख्याविषयक क्रांती’ या नावाने केली. तिची बीजे त्यांच्या १९०९ मधील लेखनात आढळतात. फ्रँक नोटस्टाइन व किंग्जली डेव्हिस यांनी १९४५ मध्ये तिला आज परिचित असलेले रूप दिले, तर ब्रिटिश अभ्यासक ब्लॅकर यांनी १९४७ मध्ये या स्थित्यंतराचे पाच टप्पे पाडले. शालेय पुस्तकांतील टप्प्यांची आकृती याच वळणाची आहे. थॉम्प्सन यांचे काम मुख्यतः वर्गीकरणाचे होते. जोडपी अपत्यसंख्या जाणूनबुजून का मर्यादित करू लागतात, या प्रश्नाला लांद्री अधिक थेट भिडले. त्यामुळे सिद्धान्ताचे श्रेय लांद्री यांच्याकडे झुकते, असे मानणे वावगे ठरू नये.

नोटस्टाइन यांच्या मते उद्योगीकरण व नागरीकरण यांमुळे मोठे कुटुंब परवडेनासे होते. यूरोपातील पुरावा मात्र या सूत्रात नीट बसत नाही. फ्रान्समध्ये जननदर (स्त्रियांना होणाऱ्या अपत्यांचे प्रमाण) अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, तोही मोठ्या प्रमाणावर ग्रामीण भागात, घटू लागला. उद्योगांत कितीतरी पुढे असलेल्या इंग्लंडमध्ये ही घट १८७० च्या दशकानंतर दिसते. ॲन्स्ली कोल यांच्या नेतृत्वाखाली प्रिन्स्टन विद्यापीठात झालेल्या यूरोपीय जननक्षमता प्रकल्पात घटीच्या सीमारेषा अनेक ठिकाणी आर्थिक प्रदेशांपेक्षा भाषा व संस्कृती यांच्या सीमांशी अधिक जुळल्या.

भारतातील संक्रमणाचा प्रारंभ सामान्यतः १९२१ पासून मानतात; या वर्षाला ‘महाविभाजक वर्ष’ असे म्हटले जाते. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मध्ये २५·२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५·१३ कोटींवर आली. जन्मदर ४८·१ आणि मृत्युदर ४७·२ अशी जवळजवळ बरोबरी त्या दशकात होती. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत घट अधिक, म्हणजे २·९ टक्के होती. प्रमुख कारण १९१८ ची एन्फ्ल्यूएंझाची साथ. महाराष्ट्रात ती ‘मानमोडी’ या नावाने लोकांच्या तोंडी राहिली. देशभरातील बळींच्या संख्येचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. गावोगावच्या मृत्युनोंदी साथीच्या महिन्यांतच कोलमडल्यामुळे नेमका आकडा सांगणे कठीण आहे. जनगणनांमधील फरकावर आधारलेले अंदाज नोंदवह्यांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटतात.

तेही सावधपणेच वापरावे लागतात, कारण वय. प्रगणकाने म्हातारीला वय विचारले की “असेल की साठेक” असे उत्तर येई, किंवा जन्म ‘प्लेगच्या साली’, ‘मानमोडीच्या आधी’ असा सांगितला जाई. पुढे ‘बहात्तरच्या दुष्काळातला’ ही खूण आली. परिणामी जुन्या वयोगट-कोष्टकांत ३०, ४०, ५०, ६० या वयांशी माणसांची गर्दी दिसते, तर ३९ किंवा ६१ वर्षांची माणसे जवळपास नसतातच. असे आकडे समतल करून, म्हणजे ही गर्दी आजूबाजूच्या वयांत वाटून घेतल्यावाचून आयुर्मानाचे गणित मांडता येत नाही, आणि समतल करण्याच्या पद्धतीनुसार उत्तरही बदलते.

मृत्युदर १९२१ नंतर का उतरला, याविषयी एकमत नाही. इतिहासकार आयरा क्लाइन यांनी रोगांशी जुळत गेलेल्या प्रतिकारशक्तीवर भर दिला, तर इतिहासकार सुमित गुहा यांनी पीकपाण्याला आलेल्या सापेक्ष स्थैर्यावर. प्रतिजैविके व डीडीटी हे कीटकनाशक यांचा व्यापक वापर १९४० च्या दशकानंतरचा असल्याने आरंभीच्या घटीचे श्रेय त्यांना देता येत नाही. दुष्काळ व साथी यांच्या वर्षांतील मृत्यूंची शिखरे बोथट झाली, हे गुहांच्या बाजूचे स्पष्टीकरण दख्खनच्या पर्जन्यछायेतील प्रदेशाला तरी अधिक लागू पडते. बंगालचा १९४३ चा दुष्काळ हा या चित्रातील मोठा अपवाद.

जन्मदराच्या बाजूने र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र काढले होते. शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. दशकवाढीचा दर १९६१–७१ मध्ये २४·८ टक्के या शिखरावर होता, तो २००१–११ मध्ये १७·७ टक्क्यांवर आला. एकूण जननदर (प्रचलित दर कायम राहिल्यास एका स्त्रीला सरासरी होणारी अपत्ये) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२–९३ मध्ये ३·४ होता, तो २०१९–२१ मध्ये २·० झाला. त्या वेळी तो महाराष्ट्रात १·७, गोव्यात १·३, बिहारमध्ये ३·० होता. पिढीची जागा पिढीने घेण्यासाठी साधारण २·१ लागतात. दोनावरचा अंश जन्मतः मुलग्यांचे किंचित जास्त असलेले प्रमाण व प्रजननवयाआधी होणारे मुलींचे मृत्यू यांसाठी असतो. महाराष्ट्रात २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. तेथे हा अंश मोठाच धरावा लागेल.

या पातळीखाली गेल्यावरही लोकसंख्या लगेच घटत नाही. आधीच्या मोठ्या पिढ्यांतील मुली आता प्रजननवयात असतात, प्रत्येकीची अपत्ये कमी असली तरी माताच अधिक. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने अलीकडची चर्चा सर्वेक्षणे व अंदाज यांवरच चालते.

टप्प्यांच्या सिद्धान्तात स्थलांतराला फारशी जागा नाही. २००१–११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४·८ टक्के व सिंधुदुर्गाची २·२ टक्के घटली, मुंबई शहर जिल्ह्याची ७·६ टक्के. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची मात्र ३६ टक्के वाढली. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्या मुख्यतः कामधंद्यासाठी बाहेर पडलेल्या पुरुषांमुळे. गणपतीत तेथील घरे भरलेली दिसली, तरी जनगणनेच्या हिशेबी चाकरमानी मुंबई-ठाण्याचाच रहिवासी.